मॉडेलला नाही, कार्डाला विचारा

हार्डवेअर सपोर्टच्या कामाला लागून मला दोनच महिने झाले होते. एका ग्राहकाच्या लॅपटॉपवर डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि वायफायच गायब. मॉडेलचं नाव टाकून दुपारभर ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम, शोधले, दोन चुकीचे बसवलेही. शेवटी शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, "मॉडेलला काय विचारतोस? कार्डाला विचार."

एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी वायफाय कार्डं असू शकतात. पण प्रत्येक पीसीआय कार्ड (पीसीआय म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडण्याची पद्धत) स्वतःचे दोन आकडे सांगतं: एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. इंटेलचा आकडा ८०८६, म्हणजे त्यांच्या १९७८च्या प्रोसेसरचंच नाव. विंडोज असो की लिनक्स, ड्रायव्हरची जोडी जुळते ती या आकड्यांवरून.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यासोबतच, मॉड्यूल (लागेल तेव्हा जोडायचे तुकडे) म्हणून येतात. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' (lspci -nnk) दिलं, तर आकड्यांखाली मॉड्यूलचं नाव होतं, पण 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नव्हती. म्हणजे ड्रायव्हर घरातच होता, कामाला लागला नव्हता. कर्नलचा लॉग पाहिला: फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) लोड झालं नाही, एरर उणे २. उणे २ म्हणजे फाइलच सापडली नाही. फोन यूएसबीने जोडून त्यावरून नेट घेतलं, मुक्त परवाना नसलेल्या सॉफ्टवेअरचा नॉन-फ्री विभाग चालू करून फर्मवेअरचं पॅकेज टाकलं, रीस्टार्ट केलं आणि नेटवर्कची यादी भरली. २०२३च्या डेबियन १२पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळतं. कर्नलबाहेरचा ड्रायव्हर मात्र कर्नल बदललं की पुन्हा कंपाइल (मूळ कोडपासून तयार) व्हावा लागतो. ते काम डीकेएमएस या टूलवर सोपवा.

विंडोजमध्ये हेच आकडे डिव्हाइस मॅनेजरमध्ये, डिटेल्स टॅबखाली 'हार्डवेअर आयडीज'मध्ये मिळतात. ड्रायव्हरसोबत येणाऱ्या आयएनएफ या माहितीच्या फाइलमध्ये तोच आयडी असेल तरच तो ड्रायव्हर तुमच्या कामाचा. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचा कर्नल ड्रायव्हर चालत नाही, आणि व्हिस्टापासून तिथे कर्नल ड्रायव्हरला डिजिटल सहीही लागते. जुना स्कॅनर चालावा म्हणून ही तपासणी बंद करून ठेवू नका, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

मॅकवर आपल्या हातात फारसं काही नसतं. २०१९च्या कॅटलिनापासून अ‍ॅपलने ड्रायव्हर लिहिण्यासाठी ड्रायव्हरकिट आणलं. त्यावर लिहिलेला ड्रायव्हर कर्नलबाहेर चालतो, त्यामुळे तो कोसळला तरी सहसा मशीन बंद पडत नाही.

आणि कुठलंही मशीन फॉरमॅट करण्याआधी त्याच्या नेटवर्क कार्डाचे आकडे लिहून घ्या, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. नेट नसलेल्या मशीनवर नेटचा ड्रायव्हर उतरवता येत नाही.