माकड आणि शिंपी: दोघांचा दिनक्रम कसा ताडून बघाल

नर माकड सहा-सात किलोचं, पानं शिवून घरटं करणारा शिंपी पक्षी सात-आठ ग्रॅमचा. वजनात जवळपास हजारपट फरक, त्यामुळे ‘कोण जास्त खातं’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही. दिवसातला किती वेळ पोटामागे जातो, ते मात्र मोजता येतं.

आधी ओळख पक्की करा. वानर काळ्या तोंडाचं, ते इथे नको. दक्षिणेकडच्या माकडाच्या डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असतात आणि शेपूट धडाएवढं किंवा त्याहून लांब. शेपूट धडाच्या निम्मंच दिसलं तर ते उत्तरेकडचं ऱ्हीसस. शिंपी तांबूस डोक्याचा, हिरवट पाठीचा. विणीच्या काळात नराच्या शेपटीची मधली पिसं लांबतात. एरवी नर-मादी सारखेच, तेव्हा ‘लिंग अज्ञात’ लिहा.

माकडांच्या टोळीवर दर 10 मिनिटांनी डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवा आणि प्रत्येकाची त्या क्षणाची क्रिया नोंदवा. गोंधळ होतो तो गालातल्या पिशव्यांमुळे. स्वस्थ बसलेलं माकड मनगटाने गाल दाबून साठवलेले दाणे तोंडात ढकलतं आणि नोंद ‘विसावा’ म्हणून होते. जबडा हलत असेल तर ते खाणंच. डोळ्याला डोळा भिडवू नका, माकड त्याला धमकी समजतं.

शिंप्याला ही पद्धत चालत नाही. एकाच पक्ष्यावर नजर ठेवा. 30 मिनिटं, दर 30 सेकंदांनी एक नोंद, म्हणजे 60. त्यातल्या समजा 20 वेळा तो पानाआड असेल, त्यासाठी ‘दिसला नाही’ असा वेगळा रकाना ठेवा. उरलेल्या 40 पैकी 26 वेळा खात असेल तर 65 टक्के. तेच 60 ने भागलंत तर 43 येतात आणि बिचारा उगाच आळशी ठरतो. तो गाताना सापडला की लगेच नोंद सुरू करायचा मोह होतो. दोन मिनिटं थांबा, नाहीतर गाण्याचंच पारडं जड होतं.

घाटातल्या थांब्यावर पाव-बिस्किटं खाणारी टोळी घेऊ नका. तिथे पोट लवकर भरतं, आकडे जंगलातल्या टोळीशी जुळत नाहीत. पिल्लं भरवणाऱ्या शिंप्याच्या नोंदीही वेगळ्या ठेवा. तोंडातली अळी त्याच्या स्वतःच्या पोटात जात नसते. कोळ्याच्या जाळ्याने शिवलेलं त्याचं पान लांबूनच बघा. टाका उसवला तर घरटं भारद्वाजाला आयतंच सापडतं.