आधी मृत्यूचा दाखला

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करून नागपुरात मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागले, तेव्हा माझ्या डोक्यात कामाचं चित्र ठरलेलं होतं. पोरांना शिकवायचं, खाऊ द्यायचा, दप्तरं वाटायची. आज अकरा वर्षं झाली. या क्षेत्रात यायला निघालेली मुलं-मुली विचारतात की सुरुवात कुठून करू. मी त्यांना एका घराबद्दल सांगते, कारण माझं खरं शिक्षण तिथेच झालं.

ते घर भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाजवळच्या वस्तीत होतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे रणरणते नऊ दिवस सुरू होते. टिनाच्या खोलीत पाय ठेवला की जीव घाबरा व्हायचा. आई भंगार वेचायची, नवरा दीड वर्षापूर्वी गेलेला. नऊ वर्षांची मुलगी शाळा सोडून तिच्यासोबत पोतं घेऊन फिरायची आणि पाच वर्षांचा धाकटा शेजारच्या आजीकडे असायचा. मी वहीत नावं लिहीत होते, तेवढ्यात ती बाई म्हणाली, "मॅडम, या दोघाइले तुमच्या संस्थेत घेऊन जा. माह्याच्यानं नाही होत आता."

मी धावत ऑफिसात आले आणि आमच्या ताईंना म्हटलं, दोघांना कुठल्या बालगृहात जागा मिळेल ते बघू या. त्यांनी एवढंच विचारलं, "नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आहे का तिच्याकडे?" मी विचारलंच नव्हतं.

नव्या माणसाने हे पक्कं लक्षात ठेवावं. गरिबीपायी लेकरं "ठेवून घ्या" म्हणणारी आई लेकरांना टाकत नसते, ती थकलेली असते. 2015 चा बालन्याय कायदाही हेच धरून चालतो: मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी त्याचं घर टिकतं का ते बघायचं. घर टिकवायला सरकारच्या योजना आहेत. एक पालक गेलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आहे, तिच्यात 2023 पासून दर मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व योजना महिन्याला 4000 रुपयांची आहे, तिला शहरात वर्षाला 96,000 रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे. विधवा बाईसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. पण नवरा गेला हे कागदावर नसेल, तर सरकारच्या लेखी ती विधवाच नसते.

तिचा नवरा घरीच वारला होता. नोंद करायची असते हे कोणाला ठाऊक नव्हतं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आम्ही मागोवा घेत गंगाबाई घाटाच्या स्मशानात पोचलो. घाटाच्या रजिस्टरात नोंद सापडली, पण नाव होतं वस्तीतलं, लाडाचं. आधारवर दुसरं. मग प्रतिज्ञापत्र, पंचनामा, शेजाऱ्यांचे जबाब, सिव्हिल लाइन्सच्या सरकारी कचेऱ्यांच्या चकरा. दाखला हातात यायला सात महिने लागले.

या सात महिन्यांत मला दानाचा पैसा कुठे घालायचा ते कळलं. एका चकरेला तिचा अख्खा दिवस जायचा, आणि दिवस गेला की त्या रात्री चूल पेटायची पंचाईत. म्हणून ती तिसऱ्या चकरेनंतर यायचीच बंद झाली. आम्हाला राग आला होता, हे मी कबूल करते. ताईंनी हिशेब मांडून दाखवला तेव्हा डोळे उघडले. मग संस्थेने तिची बुडालेली रोजी द्यायला सुरुवात केली, ऑटोचं भाडं दिलं, दाखला मिळेपर्यंत महिन्याचं रेशन भरलं. तुम्ही उद्या एखाद्या देणगीदारासमोर बसाल, तेव्हा तो दप्तरांचे पैसे आनंदाने देईल. ऑटोभाड्याचे द्या म्हटलं तर कपाळाला आठ्या घालेल. तरीही मागा. त्याला तारखांसकट सांगा की या बाईच्या किती चकरा झाल्या आणि कशासाठी झाल्या. मी सांगत आले आहे आणि बहुतेकांना पटतं.

दप्तरांवरून आठवलं. पहिल्याच महिन्यात मी त्या एका घरी दोन नवी दप्तरं आणि बूट नेऊन दिले होते. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. धाकट्याला सांभाळणाऱ्या आजीनेही तोंड फिरवलं. माझ्या दोन दप्तरांनी तिचा रोजचा आधार तोडला होता, तो सांधायला मला दोन महिने जावं लागलं. तेव्हापासून वस्तीत वस्तू द्यायची तर सगळ्यांना सारखी, नाहीतर नाही. दुसरी चूक याहून मोठी. देणगीदाराला पाठवायला मी त्या मुलीचा फोटो काढला, तो छापील पत्रकात गेला आणि शाळेत तिला पोरं "संस्थेची पोरगी" म्हणू लागली. अशा मुलांची ओळख उघड करायला बालन्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई आहे. कायदा मी वाचलेला होता, परीक्षेत लिहिलेलाही होता. मुलीची मी माफी मागितली.

तिच्या शाळेचं काम त्या मानाने लवकर झालं. एका शाळेने जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवलं. शिक्षणहक्क कायदा, 2009, कलम 14: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्या पानाची झेरॉक्स पिशवीत ठेवा. तिला वयाप्रमाणे वर्गात बसवलं, पण अक्षरओळख सुटलेली होती, म्हणून वर्षभर संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात बसून शिकवावं लागलं.

पोक्सो, 2012, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा नीट वाचून या. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली आणि कळवली नाही, तर न कळवल्याचा गुन्हा तुमच्यावर. एकटं सापडलेलं मूल 24 तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यायचं, घरी न्यायचं नाही, कितीही कळवळा आला तरी. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पाठ असू द्या. आणि विदर्भात काम करणार असाल तर सारखं दमणारं, हातपाय दुखतात म्हणून रडणारं लेकरू दिसलं की आधी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. "आळशी आहे" म्हणून मार खाणारी अशी मुलं मी पाहिली आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल धरला आहे, त्यामुळे प्रमाणपत्राचीही चौकशी करा.

शिकायचं कुठे, तर नागपुरात सोय जुनी आहे. कमलाताई होस्पेट यांनी 1921 मध्ये मातृसेवा संघ सुरू केला, त्याचीच समाजकार्य संस्था आहे. तिरपुडे महाविद्यालयही आहे. प्रवेश घेताना क्षेत्रकार्याला कोणती वस्ती देतात आणि सोबत कोण असतं ते विचारा. पगार सुरुवातीला कमी असतो, मला अकरा हजार होता. घरच्यांना हे आधीच मोकळेपणाने सांगा.

दाखल्यानंतर अर्ज, गृहभेट, समितीचा आदेश असं करत बालसंगोपनाचा पहिला हप्ता पुढच्या श्रावणात तिच्या खात्यात आला. मेसेज वाचता येत नव्हता म्हणून ती फोन घेऊन ऑफिसात आली, आणि तिच्या मुलीनेच तो अडखळत वाचून दाखवला. श्रावण संपताच तान्हा पोळा आला. धाकटा कपाळाला टिळा लावून, लाकडी बैल ओढत आमच्या दारात बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी मागायला आला. मी त्याला दहा रुपये दिले, वस्तीतल्या बाकीच्या पोरांना दिले तेवढेच.