रागाच्या भरात कमेंट टाकण्याआधी अंगठा कसा आवरायचा

‘आजपासून कुणाला वाईटसाईट लिहिणार नाही’ हा निश्चय सहसा पहिल्याच डिवचणाऱ्या पोस्टपाशी मोडतो. डोकं तापलेलं, कमेंटचा चौकोन उघडा आणि बटण अंगठ्याखाली. त्यात समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नाही, आपलं नावही बऱ्याचदा झाकलेलं असतं. माणूस ऑनलाइन मोकाट का सुटतो याची जी कारणं मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये मांडली, त्यांत या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून निव्वळ मनोनिग्रहावर भिस्त नको. राग आणि बटण यांच्यामध्ये अडथळे घाला, तेही डोकं थंड असताना.

पहिला अडथळा म्हणजे उत्तर कमेंटच्या चौकोनात लिहायचंच नाही. नोट्समध्ये लिहा, हवं तेवढं तिखट, आणि अर्धा तास ॲप बंद ठेवा. या वेळात त्याच वादाचे व्हिडिओ बघितले, की राग तापतच राहतो. भडास काढली की हलकं वाटतं, हा समजही फसवा आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधल्या प्रयोगात, चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले आढळले.

अर्ध्या तासाने मजकूर मोठ्याने वाचा. ‘हा आकडा चुकलाय, मूळ तक्ता बघ’ हे समोरच्याच्या म्हणण्यावर बोलणं झालं. ‘तुम्हा लोकांची अक्कल तेवढीच’ हे जातीवर, धर्मावर किंवा घरावर जाणं झालं. ‘तुमचे लोक’, ‘हे सगळे असलेच’ असं काही दिसलं की ते वाक्य पूर्ण खोडा, डागडुजी करत बसू नका. शेवटी हसरी इमोजी लावली म्हणून त्याचा विनोद होत नाही.

निश्चय करायचाच तर नेमका करा: ‘मला टॅग करून कुणी डिवचलं, तर फोन पालथा ठेवून उठेन.’ ‘संयम ठेवेन’ यात नेमकं काय करायचं तेच ठरलेलं नसतं. कमेंटची नोटिफिकेशन्स बंद ठेवा. इन्स्टाग्रामवर एखादा सारखा खाजवून खरूज काढत असेल, तर त्याला ‘रिस्ट्रिक्ट’ करा, म्हणजे तुमच्या पोस्टवरच्या त्याच्या कमेंट तुम्ही मंजूर केल्याशिवाय इतरांना दिसत नाहीत. त्याला ते कळवलं जात नाही, त्यामुळे नवा वाद पेटत नाही.

सगळ्यात अवघड असते ती झुंड. आपण टाकतो एकच ओळ, समोरच्याच्या फोनवर मात्र ढीग साचतो. दोस्तांचा ग्रुप कुणावर तुटून पडला असेल तर कमेंट, लाइक, स्क्रीनशॉट पुढे ढकलणं, तिन्ही टाळा. ग्रुपमध्ये ‘पुरे आता’ एवढं लिहिलं तरी चालतं. लांबलचक उपदेश केलात तर पुढचं लक्ष्य तुम्हीच.

तरीही गेलीच कमेंट, तर लगेच काढा. व्हॉट्सॲपवर मेसेज बदलायला १५ मिनिटं मिळतात. स्क्रीनशॉट मात्र परत घेता येत नाही, म्हणून माफी मागा, आणि जिथे लिहिलं होतं तिथेच: ‘मी तुझ्या दिसण्यावर लिहिलं, ते चुकलं. काढून टाकलंय.’ त्यापुढे ‘पण तूही’ आलं की माफी संपली. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा मेसेज करू नका. माफ करायचं की नाही हे त्याला ठरवू द्या.