उकललेलं डाळिंब आणि उपग्रहाची बॅटरी

जालना जिल्ह्यात आमची दीड एकर डाळिंबाची बाग आहे, भगवा वाणाची. मी बीएस्सीला असताना एका वर्षी पावसाने महिनाभर ओढ दिली आणि मग एका रात्रीत झोडपून काढलं. सकाळी बागेत गेलो तर ओळीच्या ओळी उकललेल्या. अण्णांनी एक फळ तोडून भेगेत अंगठा घातला आणि म्हणाले, "पाणी एकदम आलं. आत दाणा फुगला, सालीला ताण सोसंना."

आज मी लिथियम-आयन बॅटरीच्या सिलिकॉन अ‍ॅनोडवर पीएचडी करतेय, आणि माझा प्रश्न तोच आहे. बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियम अ‍ॅनोडमध्ये शिरतं. हा अ‍ॅनोड म्हणजे बॅटरीचं ऋण टोक; तो बहुधा ग्रॅफाइटचा असतो आणि तो ग्रॅममागे ३७२ मिलीअँपिअर-तास साठवतो. सिलिकॉन साधारण ३,६०० साठवतं, जवळपास दहापट. पण लिथियम पोटात घेताना ते फुगून चौपट होतं, सोडताना आक्रसतं. चार्ज-डिस्चार्जच्या काही फेऱ्यांत कणाला भेगा जातात. प्रत्येक नव्या भेगेवर इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतलं द्रावण, पुन्हा थर धरतं, त्या थरात लिथियम अडकतं आणि बॅटरी म्हातारी होते.

स्टॅनफर्डमधल्या यी त्सुई यांच्या गटाने २०१४ मध्ये यावर डाळिंबाची रचना वापरली. सिलिकॉनच्या प्रत्येक सूक्ष्म कणाभोवती कार्बनचं कवच, पण घट्ट नव्हे. कणाला फुगायला आत मोकळी जागा. असे असंख्य दाणे एकत्र करून त्यांच्याभोवती कार्बनची जाड साल. हजार फेऱ्यांनंतर ९७ टक्के क्षमता शिल्लक होती. तो शोधनिबंध वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमची उकललेली फळंच होती. झाडावरच्या डाळिंबात दाणे सालीला टेकलेले असतात, म्हणून ते फुटतं. त्या गटाने नेमकी ती मोकळी जागा आत ठेवली होती.

या विषयात येणाऱ्याने आधी एक फरक पक्का करावा. निसर्गातून माल घेणं वेगळं आणि निसर्गातून रचना घेणं वेगळं. एमएस्सीला मी साखर कारखान्याच्या बॉयलरमधली बगॅसची राख आणून त्यातली सिलिका वेगळी केली, मॅग्नेशियमबरोबर साडेसहाशे अंशांवर तापवली, आम्लाने धुतली आणि सिलिकॉन मिळवलं. उसाच्या राखेतून बॅटरीचा माल निघतो याचा मला फार अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो. पण ते सिलिकॉनही तसंच फुगायचं, तसंच फुटायचं.

आता अवकाशाचं गणित. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतला उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी मारतो आणि बहुतेक फेऱ्यांत अर्ध्या तासाहून अधिक काळ सावलीत असतो. सावलीत तो बॅटरीवर चालतो, उन्हात ती पुन्हा चार्ज होते, म्हणजे पृथ्वीभोवतीची एक फेरी ही बॅटरीचीही एक फेरी. दिवसाला पंधरा फेऱ्या, वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास. म्हणजे प्रयोगशाळेत ज्याचं कौतुक होतं त्या हजार फेऱ्या तिथे सव्वादोन महिन्यांत संपतात. त्यामुळे एका फेरीत क्षमतेचा थोडाच भाग वापरतात, आणि बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. अण्णांनी त्या नुकसानीनंतर ठिबक बसवलं आणि रोज थोडं, एकसारखं पाणी सुरू केलं, ते याच हिशेबाने. हबल दुर्बिणीच्या निकेल-हायड्रोजन बॅटऱ्या १९९० मध्ये वर गेल्या आणि थेट २००९ मध्ये बदलल्या. नवी रसायनं या आयुष्याशी तोलली जातात. आपल्याकडे इस्रोने १ जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ मोहिमेत सिलिकॉन-ग्रॅफाइट अ‍ॅनोडचे सेल कक्षेत चालवून पाहिले. किलोमागे १९० वॅट-तास, आधीच्या सेलचे १५७. ती बातमी मी अण्णांना दोनदा वाचून दाखवली.

प्रत्यक्ष काम मात्र संथ आहे. सिलिकॉन, कार्बन आणि बाइंडरची स्लरी घोटायची, तांब्याच्या फॉइलवर पसरायची, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवायची, आर्गॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, नाण्याएवढे सेल बांधायचे. जाड रबरी हातमोज्यांतून चकती पकडताना पहिले दोन महिने माझे निम्मे सेल शॉर्ट व्हायचे. मग चाचणी. दोन तास चार्ज, दोन तास डिस्चार्ज धरलं तर हजार फेऱ्यांना साडेपाच महिने लागतात. पहिल्या वर्षी मी ज्या प्रयोगशाळेत होते तिथला यूपीएस निकामी झाला होता आणि कुणी तो बदलला नव्हता. अडीचशेव्या फेरीला रात्री लाइट गेली. सहा आठवड्यांचं काम गेलं, मी जिन्यात बसून रडले.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सुरुवातीला आपण हाफ सेलवर चाचणी घेतो, म्हणजे समोर लिथियमची चकती असते. तिच्यात लिथियमचा साठा इतका असतो की अ‍ॅनोडने किती गिळलं ते दिसतच नाही. फुल सेलमध्ये, म्हणजे समोर खऱ्या बॅटरीतला कॅथोड (धन टोक) असतो तेव्हा, साठा मोजका. दर फेरीला ९९.९ टक्के लिथियम परत आलं तरी हजार फेऱ्यांनंतर उरतं जेमतेम ३७ टक्के, ९९.९९ आलं तर ९०. माझा हाफ सेलचा देखणा आलेख फुल सेलमध्ये ऐंशी फेऱ्यांत कोसळला.

वाट कुठून? भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मेटलर्जी, कुठूनही येता येतं. नेट किंवा गेट द्या. नेटची जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये असतात, घरी मागावं लागत नाही. कारैकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था बॅटरीसाठी नावाजलेली आहे. आमच्याकडच्या मुलामुलींना इंग्रजीची भीती असते, मलाही होती. रोज एका शोधनिबंधाची एकच आकृती घेऊन ती मराठीत वहीत समजावून लिहायची, असं मी वर्षभर केलं. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत.

प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळेत स्वतः जा. सायकलरचे, म्हणजे सेल चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या चाचणी यंत्राचे, किती चॅनेल तुमच्या वाट्याला येतील, यूपीएस किती वेळ तग धरतो, ग्लोव्हबॉक्सच्या पडद्यावर ओलावा आणि ऑक्सिजन एक पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) खाली आहे का, हे डोळ्यांनी बघा. आणि तिथल्या सीनियरला विचारा की शेवटचा फुल सेल किती फेऱ्या चालला.