हॉकीवाल्या पोराला ग्लॅव्हिनचा चेंजअप कसा शिकवावा

आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये एप्रिल लागला की निम्मी पोरं बर्फावरून थेट बेसबॉलच्या मैदानात येतात. आइस हॉकीने पाय दणकट झालेले असतात, खांदे भरलेले असतात आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला जीव खाऊन चेंडू फेकायचा असतो. त्यांचं पिचिंग, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणं, माझ्याकडे येतं तेव्हा मी वेगाला हातच लावत नाही. पहिला शिकवतो तो चेंजअप, म्हणजे जोरदार फास्टबॉलसारखाच हात फिरवून टाकलेला पण हळू येणारा चेंडू, आणि तोही टॉम ग्लॅव्हिन या पिचरचा.

ग्लॅव्हिन का, तर तो इथलाच. बिलरिका गावात वाढला, हायस्कूलमध्ये हिवाळ्यात हॉकी आणि वसंतात बेसबॉल खेळला. १९८४च्या जूनमध्ये एका आठवड्याच्या आत दोन्ही खेळांच्या व्यावसायिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचं नाव पुकारलं गेलं. बेसबॉलच्या अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं, हॉकीच्या लॉस एंजेलिस किंग्जने चौथ्या फेरीत, एकूण ६९वा. त्याच हॉकी ड्राफ्टमध्ये ब्रेट हल ११७वा गेला. किंग्जनीच ल्यूक रोबिताय १७१वा उचलला. हे दोघं पुढे हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. म्हणजे पोरगा हॉकीत किती पुढे होता याचा अंदाज घ्या. त्याने बेसबॉल निवडला, ३०५ सामने जिंकले आणि २०१४मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला.

आणि हे सगळं बऱ्याचदा ताशी नव्वद मैलांच्याही आतल्या फास्टबॉलवर. आईवडिलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण चेंडूचा वेग मोजणारी रडार गन विकत घ्यायची घाई त्यांनाच असते.

आता पकड. क्रिकेट खेळून इथे आलेल्या बापमंडळींनी ‘स्लोअर वन’ डोक्यात ठेवावा. हात तोच, धाव तीच, फक्त चेंडू उशिरा पोहोचतो. फास्टबॉल तर्जनी आणि मधल्या बोटाच्या जोरावर सुटतो. चेंजअपमध्ये तर्जनी त्या कामातून काढून घ्यायची. तिचं टोक अंगठ्याच्या टोकाला लावून चेंडूच्या कडेला गोल करायचा, ‘झकास’ म्हणताना करतो तसा. मधलं बोट आणि अनामिका चेंडूच्या वरच्या अंगावर, शिवणीला धरून. करंगळी दुसऱ्या कडेला नुसती टेकलेली. चेंडू बोटांच्या टोकांवर न ठेवता आत, तळव्याकडे सरकवायचा, पण आवळायचा नाही. पोराच्या हातातला चेंडू दोन बोटांनी ओढून बघा. सहज निघाला तर पकड बरोबर. पांढरी पडलेली नखं दिसली की पकड घट्ट झाली.

ग्लॅव्हिनला ही पकड कुणी शिकवली नाही. १९८८मध्ये तो ७ सामने जिंकला होता आणि १७ हरला होता. पुढच्या वसंतातल्या सरावात आउटफिल्डमध्ये पडलेला एक चेंडू उचलताना तो मधल्या बोटात आणि अनामिकेत असा काही बसला, की त्याने तसाच फेकून पाहिला. १९९१मध्ये त्याला मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, १९९८मध्ये पुन्हा. म्हणून माझ्या पोरांना मी पकडीशी खेळायला मोकळं सोडतो. हात लहान असेल तर गोल जमतच नाही. अशा वेळी तीन बोटं वर ठेवून टाकू द्या, वय वाढलं की गोल करता येईल.

खरी मेहनत पुढेच आहे. पोराला कळलं की हा चेंडू हळू जायला हवा, की ते हात हळू फिरवतं. तिथे सगळा खेळ संपतो, कारण बॅटर चेंडूआधी हात बघतो. चेंडू हळू करायचं काम पकडीचं आहे, हाताने पूर्ण जोर लावायचा. मी ‘हळू’ हा शब्द सरावात उच्चारतच नाही. ‘फास्टबॉलच टाक, फक्त पकड बदल’ एवढंच म्हणतो. मोबाइलवर बाजूने चित्रीकरण करा, एक फास्टबॉल, एक चेंजअप, आणि पोराच्या आजीला विचारा कुठला कोणता. तिने ओळखला तर अजून काम बाकी आहे. सुटताना अंगठा खालच्या बाजूला वळतो. तो आपोआप वळू द्या, मुद्दाम मनगट पिळायला लावू नका.

माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, चढायची घाई नको. आधी दोघांनी साध्या झेलाझेलीत दर तिसरा चेंडू या पकडीने टाकायचा. सुरुवातीला तो कुठेही जाईल, जोडीदाराच्या डोक्यावरूनही. जाऊ द्या. मग अंतर वाढवा. लांबवर फेकताना हात आपसूक पूर्ण फिरतो, हळू करायची सवय तिथेच मोडते.

वेगात आठ ते बारा मैलांचा फरक पडला की भागलं. मोठ्यांच्या मैदानाचा हिशेब सांगतो. माउंड ते प्लेट, म्हणजे बॅटरपाशी जमिनीत बसवलेली पांढरी पाटी, ६० फूट ६ इंच. नव्वद मैलांचा चेंडू हातातून सुटल्यापासून जेमतेम ०.४ सेकंदात प्लेटवर येतो. ऐंशीचा त्याहून सुमारे ०.०५ सेकंद उशिरा. बॅटरने फास्टबॉलच्या वेळेला बॅट फिरवली, तर चेंजअप तेव्हा प्लेटच्या पाच-सहा फूट अलीकडे असतो. लिटल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या, लहान मैदानावर अंतर ४६ फूट, वेग कमी, पण तत्त्व तेच.

कुठे टाकायचा? खाली आणि बाहेर. प्लेट १७ इंच रुंद असते आणि ग्लॅव्हिनने आख्खी कारकीर्द तिच्या बाहेरच्या कडेवर काढली. तो डावखुरा. फास्टबॉल कडेवर, पुन्हा कडेवर, मग त्याच वाटेने निघालेला चेंजअप, जो उजव्या बॅटरपासून आणखी दूर सरकत खाली बसतो. दोन्ही चेंडू एकाच रस्त्याने निघाले पाहिजेत, म्हणून मी कॅचरला हातमोजा बॅटरच्या गुडघ्याच्या उंचीवर, प्लेटच्या बाहेरच्या कडेला धरायला लावतो आणि दोन्ही तिथेच मागवतो.

केव्हा टाकायचा, यात पोरांपेक्षा कोचच जास्त चुकतात. दुबळा बॅटर तुमच्या फास्टबॉलला उशिरा बॅट फिरवत असेल तर त्याला चेंजअप देऊ नका. त्याला हवा तो वेग तुम्हीच आणून दिला असं होईल. हा चेंडू जोरकस, उतावळ्या बॅटरसाठी. दोन बॉल (चुकीच्या जागी गेलेले चेंडू), शून्य स्ट्राइक झाले की तो फास्टबॉलची वाट बघत असतो, तेव्हा टाका. बारा वर्षांच्या पोराला अशा वेळी हा चेंडू टाकायचं धाडस होत नाही, सरावात तीच परिस्थिती मुद्दाम उभी करावी लागते.

कर्व्हबॉल, म्हणजे वळणारा चेंडू, मागणाऱ्या पोराला मी साफ नाही म्हणतो. चेंजअपला कोपर पिळावं लागत नाही. शिवाय लिटल लीगची मर्यादा पाळा: नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५ चेंडू, अकरा-बाराच्या मुलाला ८५, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले की चार दिवस सुट्टी. सरावातले चेंडूही मी मनात धरतो. हिवाळ्यात हॉकी सोडून घरातल्या जाळीत पिचिंग करू का, असं विचारणाऱ्यांना ग्लॅव्हिनचं उदाहरण देतो. १९८७मध्ये मोठ्या लीगमध्ये आल्यापासून २००८पर्यंत तो दुखापतग्रस्तांच्या यादीत एकदाही गेला नाही. हॉकीमुळेच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण लहानपणी त्या खांद्याला दरवर्षी काही महिने सुट्टी मिळत होती, हे खरं.

पकड जमली की पोराला एक गृहपाठ द्या. २८ ऑक्टोबर १९९५चा वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, ब्रेव्ह्ज विरुद्ध क्लीव्हलंड. समोर अल्बर्ट बेल, ज्याने त्या मोसमात ५० होम रन मारले होते, शिवाय मॅनी रामिरेझ, जिम टोमी. ग्लॅव्हिनने आठ डावांत एक हिट दिली, तीही सहाव्या डावात, आणि ब्रेव्ह्ज १-० जिंकले. रेकॉर्डिंग मिळालं तर पहिल्या तीन डावांत पोराला चेंडू बघू देऊ नका, फक्त बॅटरचा पुढचा पाय बघायला सांगा. तो पाय लवकर पडला आणि बॅट मागून ओढत आली, की एक रेघ मारायची. मग मागे जाऊन प्रत्येक रेघेपाशी बघा चेंडू कुठला होता.