गरम किल्न बंद करताना शेल वाकू नये म्हणून काय करायचं

आपल्या पिंपरी-भोसरीतली बरीच पोरं मेंटेनन्सच्या कामाला गडचांदूर, चंद्रपूरकडच्या सिमेंट प्लांटवर जातात, त्यांच्यासाठी लिहितोय. किल्न म्हणजे सिमेंटची लांब फिरती भट्टी, शेल म्हणजे तिचा बाहेरचा पोलादी नळा. गरम किल्न न फिरवता उभा ठेवायचा नाही, बाकी सगळं त्यानंतर.

फ्लेम बंद झाली तरी आतला माल आणि विटा तापलेल्याच असतात. किल्न थांबला की माल खाली बसतो, शेलची खालची बाजू गरम राहते, वरची आधी थंड होते, त्यात दोन टायरच्या (शेलभोवतीची, रोलरवर टेकणारी पोलादी कडी) मधलं वजन खाली ओढतं, म्हणजे शेल केळ्यासारखा वाकतो. ६० मीटर शेलचं तापमान २५० डिग्रीने बदललं तर लांबीत जवळपास १८० मिमी फरक पडतो, मग वर-खाली तापमान वेगळं असल्यावर काय होणार ते बघा.

म्हणून मेन ड्राइव्ह (किल्न फिरवणारी मुख्य मोटर) थांबला की लगेच ऑक्झिलरी ड्राइव्ह, म्हणजे हळू फिरवणारा जादा ड्राइव्ह, लावायचा. पहिला तासभर शक्यतो सतत फिरवा, मग काही तास दर १५ मिनिटांनी पाव फेरा, नंतर अर्ध्या तासाने, मग तासाने, शेल थंड होईपर्यंत म्हणजे एक-दोन दिवस. कंपनीचा तक्ता असेल तर तोच पाळा. शेलवर खडूने खूण करा आणि प्रत्येक फेऱ्याची वेळ लॉगबुकात लिहा, नाहीतर शिफ्ट बदलताना "मगाशीच फिरवलाय" म्हणतात आणि कुणीच फिरवलेला नसतो.

पाऊस आला तर तक्ता बाजूला ठेवा, वळवाची सर पडली की वरचा शेल झपकन थंड होतो, पाऊस थांबेपर्यंत सतत फिरवायचा.

लाइट गेली की खरी परीक्षा. ऑक्झिलरीचं डिझेल इंजिन दर आठवड्याला चालू करून बघा, बॅटरी, डिझेल, क्लच सगळं, नुसतं "चालू आहे" असं रजिस्टरमध्ये लिहून काय उपयोग? पाव फेरा देऊन थांबताना ब्रेक धरतोय ना हेही बघा, माल एका बाजूला असला की किल्न उलटा फिरतो आणि जवळ उभा असलेल्या माणसाला धोका होतो.

इतक्या हळू फिरताना रोलरच्या बेअरिंगमधल्या तेलाच्या बादल्या पुरेसं तेल टाकत नाहीत, म्हणून जर्नलवर (शाफ्टचा बेअरिंगमधला भाग) हाताने तेल घाला. कूलिंगचं पाणी चालूच ठेवा. शेलचे पंखे मात्र बंद करा, आयडी फॅनचा (किल्नमधली हवा ओढणारा पंखा) डँपर, म्हणजे झडप, कमी करा, दारं घाईघाईने उघडू नका, विटा तडकतात.

उशीर होऊन शेल वाकलाच, तर मेन ड्राइव्ह लावू नका. अर्धा फेरा देऊन खालची गरम बाजू वर आणा, थोडा वेळ थांबा, टायर रोलरवर नीट बसतोय का बघा, नसेल तर परत तसंच करा. टायर उचलला जात असेल किंवा गर्थ गिअर-पिनियनमधून (शेलभोवतीचं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) ठोके येत असतील तर अजून सरळ झालेला नाही, तेव्हा कंपनीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.