जुन्या चेनसॉचं इंजिन बांधताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की पोत्यात गुंडाळलेली कटरं, म्हणजे चेनसॉ, माझ्या टेबलावर यायला लागतात. पाऊस थांबलेला असतो, बागेतली वाळलेली झाडं काढायची असतात आणि चार महिने पडवीत पडलेलं मशीन काही केल्या सुरू होत नसतं. त्यातली निम्मी मशीन कुणीतरी आधीच खोललेली असतात. "नवा पिस्टन टाकला, दोन टाक्या चाललं आणि परत जाम झालं." हे वाक्य दर हंगामात कानावर येतं. मी विचारतो, जुना पिस्टन कुठाय? तो फेकलेला असतो.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच. इंजिन का मेलं ते त्या पिस्टनवर लिहिलेलं असतं. फक्त सायलेन्सरच्या बाजूला अॅल्युमिनियम फासल्यासारखं झालं असेल तर मिश्रण पातळ होत होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), म्हणजे कुठून तरी हवा घेत होतं किंवा कुणीतरी कार्बोरेटरचा स्क्रू जास्त आवळला होता. चारी बाजूंनी ओरखडे असतील तर पेट्रोलमध्ये ऑइलच नव्हतं. कार्बोरेटरच्या बाजूचा स्कर्ट, म्हणजे पिस्टनची खालची बाजू, राखाडी होऊन झिजला असेल तर फाटक्या फिल्टरमधून भुसा आणि धूळ आत गेली. हे तिन्ही वेगळे आजार आहेत. नवा पिस्टन-सिलिंडरचा किट बसवून यातला एकही बरा होत नाही.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं आणि आमच्या दापोली-मंडणगडकडच्या सुपाऱ्या, माड, आंबे आडवे झाले. कापणाऱ्यांना मशीन पुरत नव्हती. तेव्हा एका बागायतदाराने त्याची जुनी हुस्कवर्ना २६८ माझ्याकडे टाकली. पिस्टन जाम, पण क्रँक, म्हणजे पिस्टनखालचा फिरता दांडा, चांगला. या मॉडेलवर एक चांगली सोय आहे. २६८चा बोअर (सिलिंडरच्या आतला व्यास) ५० मिमी आणि त्याच कंपनीच्या २७२चा ५२ मिमी, पण स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) दोन्हींचा ३४ मिमीच. म्हणजे २७२चा सिलिंडर आणि पिस्टन त्याच क्रँककेसवर, म्हणजे क्रँकच्या पेटीवर, बसतो आणि साधारण ६६.७ सीसीचं मशीन ७२.२ सीसीचं होतं. मी तो किट मागवला आणि बसवला.

हवेची तपासणीही केली होती. प्लगच्या भोकातून, रक्तदाब मोजायच्या जुन्या उपकरणाचा फुगा आणि डायल लावून. पिस्टन खाली, सायलेन्सरचं तोंड सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून बंद, कार्बोरेटरची बाजूही बंद. दाब भरला, पाच मिनिटं काटा हलला नाही. मी निश्चिंत झालो. मशीनने दीड दिवस लाकूड कापलं आणि परत जाम झालं. सायलेन्सरच्या बाजूला तेच फासलेलं अॅल्युमिनियम.

दुसऱ्यांदा खोललं तेव्हा गाडीचे ब्रेक ब्लीड करायला वापरतात तो हाताचा व्हॅक्युम पंप लावला. क्रँक हळूहळू फिरवत काटा बघितला तर तो घसरत होता. क्रँकच्या मॅग्नेटकडच्या टोकावरच्या रबरी ऑइल सीलवर दोन थेंब ऑइल सोडलं, ते बघता बघता आत ओढलं गेलं. सीलचं ओठ आतल्या बाजूला असतं. आतून दाब दिला की ते शाफ्टला अजून घट्ट चिकटतं, म्हणून दाबाच्या तपासणीत पास होतं. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, तेव्हा तेच कडक झालेलं ओठ उचलतं आणि हवा आत घेतं. ती हवा कार्बोरेटरमधून येत नाही, म्हणजे तिच्याबरोबर पेट्रोल नाही आणि ऑइलही नाही. एका स्वस्त सीलपायी अख्खा किट गेला, आणि माणसाची बाग आणखी दहा दिवस तशीच पडून राहिली. मला जास्त लागलं ते दुसरं.

तेव्हापासून माझ्या टेबलावर नियम एकच: दोन्ही तपासण्या, साधारण अर्धा बार दाब आणि अर्धा बार ओढ, आणि दोन्ही सील न विचारता नवे. दहा वर्षांच्या वरचं मशीन असेल तर कार्बोरेटरच्या मागचं रबरी बूट आणि क्रँककेसचा दाब कार्बोरेटरकडे नेणारी बारीक नळीही नवी. त्याच दाबावर कार्बोरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, पेट्रोल ओढतो. ती नळी चिरली की पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असा दुहेरी फटका. ज्यांना ही तपासणी म्हणजे वेळ वाया घालवणं वाटतं, त्यांनी किट दोनदा विकत घ्यायची तयारी ठेवावी.

सिलिंडरबद्दल एक सांगायलाच हवं, कारण ही चूक चांगले अनुभवी मेकॅनिक करतात. येझदी, राजदूत, जुन्या स्कूटर यांच्यावर हात बसलेला माणूस ओरखडे दिसले की बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकायला बघतो. तिथे लोखंडाचा स्लीव्ह होता, त्यामुळे चालायचं. या चेनसॉचा सिलिंडर अॅल्युमिनियमचा असतो आणि आत निकासिल (निकेलचा कडक लेप) किंवा क्रोमचा केसाएवढा पातळ थर असतो. बोअर मारला की तो थर गेला, सिलिंडर भंगारात. बऱ्याचदा जे ओरखडे दिसतात ते सिलिंडरचे नसतातच, पिस्टनचं अॅल्युमिनियम त्यावर चिकटलेलं असतं. बारीक पॉलिश पेपरने, हाताने, तिरप्या रेघांनी ते निघतं. काही लोक अॅसिड वापरतात. तेही चालतं, पण थेंबाथेंबाने, आणि पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या भोकांच्या) कडेला उघड्या अॅल्युमिनियमवर गेलं तर ते धातू खातं. मी पेपरच वापरतो, दोन तास लागले तरी. मग नख फिरवून बघायचं. नख अडलं किंवा थर सोललेला दिसला तर सिलिंडर बदला.

स्वस्त किट आला की सरळ बसवू नका. पोर्टच्या कडा धारदार असतात, त्यात रिंग अडकून तुटते. बारीक कानशीने कडा हलक्या मोडा, नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुवा आणि लगेच ऑइलचा हात फिरवा.

आता घाईत होणाऱ्या बाकीच्या चुका. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगची तोंडं खोबणीतल्या पिनवरच, नाहीतर सिलिंडर बसवताना रिंग मोडते. पिस्टन पिनचे लॉक दरवेळी नवे, त्यांचं तोंड वर किंवा खाली, बाजूला नाही. लॉक बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा. उडालेलं लॉक खाली गेलं तर पुढचे दोन तास ते शोधण्यात जातील. क्लचचे आटे बहुतेक मशीनवर उलटे असतात. जोर लावण्याआधी ते बघा, आणि पिस्टन अडवायला प्लगच्या भोकात दोरी घाला, लोखंडी खिळा किंवा स्क्रूड्रायव्हर नाही. क्रँकवर हातोडा मारून बेअरिंग बसवू नका. केस गरम करा, बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवा, ते हाताने आत जातं. मॅग्नेट आणि कॉइलमध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढी फट पुरते.

ऑइलबद्दल आमच्या किनाऱ्यावर एक वेगळीच सवय आहे. होडीच्या आउटबोर्डचं टू-टी ऑइल घरात असतं, तेच चेनसॉत जातं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं आहे. चेनसॉ हवेवर थंड होतं आणि खूप जास्त तापतं. डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं ऑइल घ्या. लिटरला २० मिली म्हणजे १:५०, मी जुन्या इंजिनाला २५ मिली टाकतो. त्याच्या दुप्पट टाकून इंजिन दुप्पट टिकत नाही, सायलेन्सर कार्बनने भरतो. आणि इथेनॉलचं पेट्रोल पावसाळाभर टाकीत ठेवू नका. आमच्या दमट हवेत ते पाणी ओढतं, पाणी खाली बसतं, जुने पाइप आणि डायफ्राम कडक होतात. जूनमध्ये टाकी रिकामी करायची आणि बंद पडेपर्यंत मशीन चालवायचं.

ताकद वाढवायची म्हणून सिलिंडरखालचं पॅकिंग काढणारे खूप. काढायला हरकत नाही, पण मोजून. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पिस्टनच्या काठापर्यंत घाला, पिस्टन पिनच्या रेषेत, दोन्ही बाजूंना. दोरी ओढून पिस्टन वरून फिरवा आणि चेपलेली तार कॅलिपरने मोजा, तिची जाडी म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरच्या माथ्यातली फट. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली मी जात नाही. न मोजता पॅकिंग काढलेलं मशीन मला आवाजावरून कळतं, पिस्टन वर आपटत असतो.

दुसरी गोष्ट, जिच्यावर मी मनापासून चिडतो, ती सायलेन्सरला भोक पाडण्याची. व्हिडिओ बघून पोरं ड्रिल घेतात, तोंड मोठं करतात, आवाज फुटतो आणि त्यांना वाटतं ताकद आली. जळालेला वायू मोकळा बाहेर जाऊ लागला की मशीन मिश्रणही जास्त मागतं. म्हणजे कार्बोरेटरचा एच स्क्रू, पूर्ण रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा, उघडावा लागतो. पोरं उलट करतात. तो आवळतात, कारण आवळला की आवाज तीक्ष्ण होतो, रेस चढते, कान खूश होतो. ती तीक्ष्ण शिट्टी म्हणजे पातळ मिश्रणाचा आवाज आहे, आणि तशा आवाजात इंजिन काही मिनिटांत मरू शकतं. ठिणगी अडवणारी जाळी काढून टाकणं तर गुन्हाच समजतो मी. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेल्या गवतात उभं राहून कापता, एक ठिणगी पुरे.

एच स्क्रू कसा लावायचा? फिल्टर साफ, चेन धारदार, मशीन गरम. सुरुवात पूर्ण बंदपासून एक फेरा उघडून. पूर्ण रेस द्या. लाकडाबाहेर आवाज थोडा जाड, फरफरता यायला हवा, आणि लाकडात टेकवलं की लगेच स्वच्छ व्हायला हवा. लाकडातही फरफरत असेल तर थोडा आवळा. बाहेरच स्वच्छ शिट्टी येत असेल तर लगेच उघडा. टॅकोमीटर मिळाला तर मॉडेलच्या पुस्तकातली कमाल रेस बघून लावा. अॅक्सिलेटर सोडल्यावर रेस खाली यायला वेळ लावत असेल, किंवा मशीन तिरपं केल्यावर बदलत असेल, तर स्क्रूला हात लावू नका, हवा घेतंय. परत पंप काढा. आणि हे सगळं चेनची पट्टी (बार), चेन आणि क्लचचं झाकण लावूनच.

पहिल्या टाकीत एकसारखी पूर्ण रेस नको, छोटे ओंडके, मध्ये मध्ये आराम. टाकी संपली की मशीन पूर्ण थंड होऊ द्या आणि सिलिंडरचे व सायलेन्सरचे बोल्ट एकदा आवळा. पण आवळण्याआधी सायलेन्सर काढून, बॅटरी मारून पोर्टमधून पिस्टनकडे बघा. स्कर्टवर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेघा अजून दिसत असतील तर सायलेन्सर लावून दुसरी टाकी भरा. उभी एक जरी रेघ दिसली तर दोरीला हात लावू नका, त्याच दिवशी परत खोला.